कागद वाया जातो तो आराखड्यातच : सोलापुरातील छपाई पर्यावरणस्नेही कशी करावी

सोलापुरात कापडाच्या जोडीने छापील कागदालाही मोठी मागणी असते, कारण इथे जे जे तयार होते त्याला कसले ना कसले छापील वेष्टन, पट्टी किंवा लेबल लागतेच. चादरी आणि टॉवेलांच्या पिशव्यांतील कार्डे, विड्यांच्या बंडलांवरची लेबले, डाळिंबाच्या पेट्या, शेंगाचटणीची पाकिटे, पतसंस्था व साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, पंचांगे आणि गड्ड्याच्या यात्रेपासून गणेशोत्सवापर्यंत लागणारे फलक अशी ही यादी लांबत जाते. या कामाचा पर्यावरणावरील भार कमी करायचा म्हटले की चर्चा बहुधा शाईवर किंवा छापखान्यातील यंत्रांवर येऊन थांबते. प्रत्यक्षात छापील वस्तूच्या एकूण भारात सर्वांत मोठा वाटा कागदाचा असतो, आणि किती कागद लागणार, त्यातला किती कातरणात जाणार व त्यावर प्लास्टिक चढणार की नाही, हे छपाई सुरू होण्याच्या बरेच आधी डिझायनरच्या संगणकावर ठरून गेलेले असते. फाइल मुद्रकाच्या हाती पडेपर्यंत वाचवण्यासारखे थोडेच उरते. म्हणून पुढील सूचना मुख्यतः डिझायनरसाठी आणि काम देणाऱ्या ग्राहकासाठी आहेत. मुद्रकाने करावयाच्या गोष्टी त्यांच्या ओघात येतील.

काम घेताना

पहिला प्रश्न प्रतींच्या संख्येचा असावा. ऑफसेट छपाईच्या दराची रचनाच अशी आहे की पहिला हजार महाग वाटतो आणि पुढचा प्रत्येक हजार स्वस्त पडतो, कारण प्लेटचा (प्रत्येक रंगासाठी लागणाऱ्या छपाईच्या धातूच्या पत्र्याचा) आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो. त्यामुळे दोन हजार पत्रकांची गरज असलेला ग्राहक पाच हजार छापून घेतो आणि उरलेले गठ्ठे गोदामात पडून राहतात. पत्ता, दर किंवा दूरध्वनी क्रमांक बदलला की ते थेट रद्दीत जातात. ग्राहकाला मागच्या वेळच्या किती प्रती उरल्या हे आवर्जून विचारावे. बहुतेकांनी त्या कधी मोजलेल्या नसतात, आणि एकदा मोजल्या की मागणी आपोआप खाली येते.

जिथे मजकुराचा काही भाग कायम राहतो आणि काही भाग दरवर्षी बदलतो, तिथे छपाई दोन टप्प्यांत विभागावी. शाळेच्या माहितीपत्रकाचा रंगीत सांगाडा दोन-तीन वर्षांचा एकदम छापून ठेवावा आणि शुल्क, तारखा, प्रवेशाच्या अटी दरवर्षी लागतील तेवढ्याच प्रतींवर एका रंगात छापून घ्याव्यात. दोन-तीनशे प्रतींच्या आतले काम असेल तर ते डिजिटल मशीनवर द्यावे, कारण तिथे प्लेट लागत नाही आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणारे तावही नगण्य असतात. पतसंस्थांच्या अहवालांबाबत आणखी एक पायरी आहे. सभासदांच्या यादीत एकाच घरातील चार-पाच नावे असतात आणि प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र प्रत निघते. उपविधी आणि नियम परवानगी देत असतील तिथे पीडीएफ चालेल का हे सभासदांकडून लेखी विचारून घ्यावे आणि छापील प्रत मागणाऱ्यांचीच यादी छापखान्याला द्यावी.

तावाचे गणित

सोलापुरी चादरीचा नक्षीकार आलेख कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी मागाची रुंदी आणि नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राच्या हुकांची संख्या विचारतो. छापील कामाच्या डिझायनरनेही पानाचा आकार ठरवण्याआधी ताव कोणता मिळणार हे विचारले पाहिजे. आपल्या बाजारात कागद प्रामुख्याने २०×३०, २३×३६, २५×३६ आणि ३०×४० इंचांच्या तावांत येतो. संगणकावर नवे पान उघडले की समोर येणारे ए-४ माप या तावांचा विचार करून आलेले नाही, आणि तिथेच नुकसानीची सुरुवात होते.

उदाहरण मांडून पाहावे. ए-४ चे माप २१०×२९७ मिलिमीटर असते. २३ इंच म्हणजे सुमारे ५८४ मिलिमीटर, आणि ए-४ ची उंची दोनदा धरली तर ५९४ होते. म्हणजे अवघे १० मिलिमीटर कमी पडतात. तेवढ्यासाठी २३×३६ च्या तावातून आठऐवजी सहाच ए-४ निघतात आणि तावाचा सुमारे ३० टक्के भाग कातरणात जातो. तेच माहितीपत्रक ८.५×११ इंचांचे केले तर त्याच तावातून आठ निघतात आणि सुमारे ९० टक्के कागद कामी येतो. कडेपर्यंत रंग जात असेल, तर ब्लीड (कापणीच्या रेघेपलीकडे जास्त छापलेला रंग) आणि ग्रिपर (मशीन ताव पकडते ती कड) यांना निवांत जागा मिळावी म्हणून ८.२५×१०.७५ इंच घेणे अधिक सुरक्षित. ग्राहकाला ए-४ च हवे असेल तर २५×३६ चा ताव मागवावा, त्यात आठ व्यवस्थित बसतात. पाहणाऱ्याला या मापांतला फरक जाणवतही नाही, पण १० हजार प्रतींच्या कामात तो शेकडो तावांचा असतो.

चौकोनी आकाराच्या पुस्तिका अलीकडे लोकप्रिय आहेत आणि त्या सर्वाधिक कागद खातात. २३×३६ च्या तावातून ८×८ इंचांचे आठच तुकडे निघतात. तोच चौकोन पाऊण इंचाने लहान, म्हणजे ७.२५×७.२५ केला, तर ब्लीड धरूनही बारा निघतात. मी स्वतः चौकोनी आकाराचे काम हे गणित मांडल्याशिवाय घेऊ नये असेच सुचवीन, कारण हा आकार निवडण्यामागे दिसण्यापलीकडचे कारण क्वचितच असते.

पुस्तिकेच्या पानांची संख्या फर्म्यावर, म्हणजे एका तावातून निघणाऱ्या पानांच्या गटावर ठरवावी. डेमी आकाराच्या, म्हणजे ५.५×८.५ इंचांच्या पुस्तकाची ३२ पाने २३×३६ च्या एका तावातून निघतात. मजकूर ३६ पानांवर गेला की शेवटच्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेट, वेगळे मशीन लावणे आणि वेगळे वाया जाणारे ताव असा सगळा खटाटोप होतो. स्मरणिकेच्या संपादकांना हे आधी सांगितले, तर चार पाने कमी करणे त्यांना सहसा जमते; जुळणी पूर्ण झाल्यावर सांगितले तर जमत नाही.

दोन्ही बाजूंना छपाई असलेल्या पत्रकासाठी वर्क अँड टर्न पद्धत वापरता येते का, हे मुद्रकाला विचारावे. पुढची आणि मागची बाजू एकाच प्लेटवर शेजारी ठेवायची, ताव एका बाजूने छापून उलटायचा, त्याच प्लेटवर दुसरी बाजू छापायची आणि मधोमध कापून दोन पूर्ण प्रती मिळवायच्या, अशी ही पद्धत आहे. चार रंगांच्या कामात आठऐवजी चार प्लेट लागतात आणि मशीन एकदाच लावावे लागते. तावाच्या कडेला पट्टी उरत असेल तर तिथे त्याच ग्राहकाची टॉवेलची लेबले किंवा व्हिजिटिंग कार्डे बसवावीत. मात्र जागा आहे म्हणून गरज नसलेली वस्तू छापू नये.

कागदाच्या तंतूंची दिशा, ज्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात, तीही याच वेळी पाहावी. जाड कागदाची घडी तंतूंना आडवी पडली तर ती फुटते आणि पांढरी रेघ दिसते. ती झाकण्यासाठी मग लॅमिनेशन मागितले जाते. घडी तंतूंच्या दिशेने ठेवून क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबाची रेघ, नीट केले तर प्लास्टिकची गरजच पडत नाही.

कागद निवडताना

जाडी ही सर्वांत सोपी बचत आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ए-५ आकाराची १० हजार हस्तपत्रके १३० जीएसएमच्या (प्रति चौरस मीटर १३० ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर छापली तर कटाई झालेला माल सुमारे ४१ किलो भरतो. तीच ७० जीएसएमच्या मॅप्लिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर छापली तर सुमारे २२ किलो. एका हातातून दुसऱ्या हातात जाऊन दिवसभरात संपणाऱ्या पत्रकाला जाड, चकचकीत कागद कशासाठी, हा प्रश्न ग्राहकासमोर नम्रपणे पण स्पष्टपणे ठेवावा. याउलट वर्षभर भिंतीवर राहणाऱ्या दिनदर्शिकेला पातळ कागद वापरून ती जूनमध्येच फाटली, तर ती बचत म्हणता येणार नाही. वस्तू किती काळ टिकायला हवी यावर जाडी ठरवावी.

पुनर्वापरित कागदाचा रंग किंचित करडा असतो आणि त्यावर ठिपके दिसतात. त्यामुळे त्यावर नाजूक छायाचित्रे टाकण्याऐवजी रेषाचित्रे, ठळक अक्षरे आणि एक-दोन सपाट रंग यांचा आराखडा करावा. कागदाचा तंतू साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर आखूड होऊन निकामी होतो, म्हणून या साखळीत नवा तंतू कुठून तरी यावाच लागतो. तो झाडांतूनच यावा असे नाही. ज्या उसाने आपला जिल्हा भरला आहे, त्याच्या चिपाडापासून छपाईचा उत्तम कागद होतो, आणि तमिळनाडूतील टीएनपीएलसारखी मोठी कागद गिरणी तो वर्षानुवर्षे बनवत आली आहे. घाऊक विक्रेत्याकडे अशा कागदाची नावाने मागणी केल्याशिवाय तो ठेवत नाही. दोन-तीन छापखान्यांनी मिळून मागणी नोंदवली तर मिळण्याची शक्यता वाढते.

निर्यातीच्या टॉवेलांसाठी परदेशी खरेदीदार एफएससी प्रमाणित कागदाची कार्डे मागतात. एफएससी ही जबाबदार वनव्यवस्थापनाचे प्रमाणन करणारी, १९९३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. इथे एक काळजी घ्यायची. कागद प्रमाणित असला तरी त्या संस्थेचे चिन्ह छापण्याचा अधिकार कागदाच्या पुरवठा साखळीसाठीचे तिचे प्रमाणपत्र असलेल्या छापखान्यालाच असतो. इंटरनेटवरून चिन्ह उतरवून आराखड्यात टाकणे म्हणजे ग्राहकाच्या वतीने खोटा दावा करणे होय. पत्रिकांसाठी सुती चिंध्यांपासून केलेला हातकागदही सुंदर दिसतो, आणि पुण्यात तो बनवण्याची जुनी परंपरा आहे. त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने त्यावर एका रंगाची स्क्रीन छपाई सर्वांत चांगली उतरते.

रंग आणि शाई

पूर्ण पान गडद रंगाने भरण्याची सवय सोडणे ही शाईतली पहिली बचत. गडद पार्श्वभूमीला शाई जास्त लागते, वाळायला वेळ लागतो, एका तावाची शाई दुसऱ्या तावाच्या पाठीला लागते आणि मग संरक्षणासाठी वार्निश किंवा लॅमिनेशन करावे लागते. छायाचित्रांमध्ये चारही रंगांची एकत्रित टक्केवारी (प्रत्येक रंग पूर्ण भरला तर १००, चारही मिळून ४००) आर्ट पेपरवर सुमारे ३०० आणि न्यूजप्रिंटवर सुमारे २४० च्या वर जाऊ देऊ नये. योग्य कलर प्रोफाइल लावून रूपांतर केले की संगणक सावल्यांमधील तीन रंगांचा बराच भाग काळ्या शाईत बदलतो. चित्र तसेच दिसते आणि रंगीत शाई वाचते. मजकुराचा काळा रंग नेहमी फक्त काळ्या प्लेटवर ठेवावा.

दोन रंगांचा आराखडा कमी प्रतीचा असतो, ही समजूत डिझायनरने स्वतःच्या कामातून दूर करायला हवी. गेरू आणि काळा, किंवा निळा आणि काळा, एवढ्यावर नेटके माहितीपत्रक होते, प्लेट निम्म्या लागतात आणि मशीनवर रंग लवकर जुळतात.

साध्या ऑफसेट शाईत खनिज तेल असते. वनस्पती तेलांवर आधारित शाया आता सहज मिळतात. अमेरिकेतील वृत्तपत्रांनी १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर पर्याय शोधायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये आयोवा राज्यातील एका दैनिकाने सोयाबीन तेलाची शाई प्रथम वापरली. त्याच्याही कितीतरी आधीपासून छपाईच्या शाईत जवसाचे तेल वापरले जात होते. आपल्याकडे चटणीत जाणारे हे जवस कागदावरही उत्तम वाळते. डब्यावर सोयाबीनचे चित्र आहे म्हणून पूर्ण शाई सोयाची असते असे नाही, त्यामुळे वनस्पती तेलाचे प्रमाण किती आणि खनिज तेल किती, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. या शाया काही वेळा सावकाश वाळतात, तेव्हा माल देण्याची तारीख एक दिवस पुढची धरावी. घाईत ओली शाई पुढच्या तावाला लागू नये म्हणून पावडर मारण्यापेक्षा हे बरे.

चुकीमुळे होणारी पुनर्छपाई

एका अक्षराच्या चुकीने संपूर्ण काम दुसऱ्यांदा छापावे लागते तेव्हा कागद, शाई, प्लेट आणि वीज सगळेच दुप्पट होते. त्यामुळे मुद्रितशोधन हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही छापखान्यातले अत्यंत महत्त्वाचे काम मानावे. सोलापुरात एकाच पत्रकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि कधी उर्दू मजकूर येतो, आणि तो जुळवणाऱ्याला या चारही लिप्या वाचता येतातच असे नाही. प्रत्येक भाषेचे प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून सहीनिशी मंजूर करून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे तुटतात, रफार जागा सोडतो आणि काना गायब होतो. शक्य तिथे युनिकोड वापरावे, आणि प्लेटसाठी फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये (फाँटशिवायही तशीच दिसणाऱ्या रेषाकृतींत) बदलून पीडीएफ द्यावी. ती पीडीएफ छापखान्याच्या संगणकावर उघडून पुन्हा एकदा वाचावी, कारण अंतिम तपासणी त्याच फाइलची व्हायला हवी जिची प्लेट निघणार आहे.

गडद रंगावर पांढरी देवनागरी अक्षरे बारीक घेतली तर शाई पसरून मात्रा आणि अनुस्वार बुजतात, विशेषतः मॅप्लिथोवर. असा मजकूर ठळक व मोठा घ्यावा, किंवा पार्श्वभूमीच फिकी करावी.

मशीनजवळ

संगणकावरून थेट प्लेट काढण्याच्या पद्धतीमुळे फिल्म आणि तिच्या धुलाईतील चांदीयुक्त पाणी बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे, पण प्लेट धुण्याचे रसायन आणि पाणी अजून लागते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे धुलाई न लागणाऱ्या प्लेटचा विचार गांभीर्याने करावा. वापरलेल्या प्लेट ॲल्युमिनियमच्या असतात, आणि भंगारातून ॲल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. त्यामुळे प्लेट वेगळ्या व सुक्या साठवून भंगारात द्याव्यात.

फाउंटन सोल्यूशनमध्ये, म्हणजे छपाईत प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्यात, मिसळले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रोलर धुण्यासाठी वापरले जाणारे रॉकेल किंवा पेट्रोल हवेत उडून जाते. ही बाष्पे कारागिराच्या फुप्फुसात जातात आणि सूर्यप्रकाशात वाहनांच्या धुराशी संयोग होऊन जमिनीलगत ओझोन तयार करतात. अल्कोहोलचे प्रमाण हळूहळू उतरवत नेण्यासाठी पर्यायी द्रव मिळतात. मात्र त्याआधी पाण्याच्या रोलरची स्थिती आणि दाब नीट करून घ्यावा लागतो, अन्यथा छपाई मळकट येते आणि दोष नव्या द्रवाला दिला जातो. धुलाईसाठी कमी बाष्प देणारे, वनस्पती तेलाधारित द्रव वापरावेत. फिक्या रंगाचे काम आधी आणि गडद रंगाचे नंतर घेतले, तर रोलर धुण्याच्या वेळाच कमी होतात.

सोलापूरचा उन्हाळा हा कागदाच्या नासाडीचा वेगळा विषय आहे. चाळीस अंशांवरच्या कोरड्या हवेत तावाच्या कडा ओलावा सोडून आकसतात, तावांमध्ये स्थिर वीज साचून ते एकमेकांना चिकटतात, आणि चार रंगांची जुळणी सुटते. पावसाळ्यात त्याच कडा ओलावा घेऊन लाटेसारख्या होतात. रीमचे वेष्टन मशीनवर घेण्याच्या वेळेपर्यंत फोडू नये, कागद एक दिवस आधी मशीनच्या खोलीत आणून ठेवावा, आर्द्रता दाखवणारे साधे मापक भिंतीवर लावावे आणि ती ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करावा. कूलर चालवताना त्याचा झोत थेट गठ्ठ्यावर येऊ देऊ नये.

छपाईनंतरचे काम

बीओपीपी लॅमिनेशन म्हणजे कागदाला कायमचे चिकटवलेले प्लास्टिक, आणि असा कागद लगद्यात घेणे अवघड असल्याने रद्दीवालाही तो नाकारतो किंवा कमी भावात घेतो. मुखपृष्ठाला संरक्षण हवे असेल तर पाण्यावर आधारित वार्निश पुरेसे होते. अतिनील प्रकाशाने वाळणारी यूव्ही शाई आणि यूव्ही वार्निश यांमुळेही रद्दीतून शाई काढणे कठीण जाते. उठावदार नाव हवे असेल तर सोनेरी फॉइलऐवजी नुसता दाबाचा उठाव घ्यावा; चांगल्या कागदावर तो अधिक भारदस्त दिसतो. बांधणीत तारेच्या टाचण्या लगदा करताना सहज वेगळ्या होतात, गरम गोंद मात्र चिकट गोळ्यांच्या रूपाने कागदात उतरतो, म्हणून कमी पानांच्या पुस्तिकेला टाचणीच चांगली.

लग्नपत्रिकेबाबत थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. तिच्यावर देवतांची चित्रे असतात, आणि अशी पत्रिका रद्दीत टाकायला घरातील वडीलधारी मंडळी धजावत नाहीत. ती झाडाखाली ठेवली जाते किंवा तळ्यात सोडली जाते. लॅमिनेशन, चमकी आणि फॉइल असलेली पत्रिका तिथे वर्षानुवर्षे तशीच राहते. साध्या, लेप नसलेल्या कागदावरची पत्रिका विरघळून जाते, आणि हा मुद्दा वधूवरांच्या आईवडिलांना सांगितला तर तो त्यांना मनापासून पटतो. शिवाय निमंत्रणपत्रिकांना गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पातळ वेष्टनावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे ते देऊ केले तरी घेऊ नये.

चादर आणि टॉवेलच्या पिशवीत घातले जाणारे मोठे रंगीत कार्ड बहुधा पिशवीला आकार देण्यासाठी असते. त्याजागी घडीभोवती गुंडाळलेली क्राफ्ट कागदाची पट्टी घेतली, तर कार्ड आणि काही बाबतींत पिशवीही टळते, आणि गिऱ्हाइकाला कापड हाताने पाहता येते. डाळिंबाच्या पेटीवर पाण्याच्या शाईने एका-दोन रंगांत थेट फ्लेक्सो (लवचिक प्लेटची) छपाई करावी. आर्ट पेपरचा लॅमिनेट केलेला वरचा थर भेटवस्तूच्या पेट्यांपुरता ठेवावा. शेंगाचटणीला तेल सुटते, तेव्हा तिचे पाकीट नुसत्या कागदाचे करता येणार नाही. तिथे एकाच प्रकारच्या प्लास्टिकची साधी पिशवी आणि तीवर छोटे कागदी लेबल हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाई आयएस १५४९५ या मानकाप्रमाणे असणे बंधनकारक आहे, आणि वृत्तपत्राच्या कागदात अन्न बांधण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे.

फ्लेक्सच्या जागी कापड

फ्लेक्सचा फलक म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर दिलेला पीव्हीसीचा लेप. तो कुजत नाही, त्याचे थर वेगळे करून पुनर्वापर करणे परवडत नाही, आणि जाळला तर हायड्रोजन क्लोराइड व डायॉक्सिनसारखे विषारी वायू सुटतात. जुलै २०२२ च्या बंदीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी फलक येतात. बाजारातले बहुतेक फ्लेक्स त्याहून जाड असल्याने ते या नियमातून निसटतात. त्यामुळे हा निर्णय काम देणाऱ्याने आणि डिझायनरनेच घ्यावा लागेल, आणि ज्या शहरात सूत आणि माग आहेत त्या शहराला तो इतरांपेक्षा सोपा आहे.

फलकासाठी मांजरपाट किंवा जाड सुती कापड घ्यावे. आराखडा करण्याआधी कापडाचा पन्हा विचारावा आणि फलकाची उंची त्या पन्ह्याइतकी किंवा त्याच्या बरोबर निम्मी धरावी, म्हणजे कापावे आणि जोडावे लागत नाही. छपाई पाण्यावर आधारित पिगमेंट रंगांनी स्क्रीनवर करावी. कापडावर वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई ही स्वतःच पीव्हीसीची असते, ती टाळावी. एक-दोन फलकच हवे असतील तर हाताने अक्षरे रंगवणारे कारागीर अजून आहेत, त्यांना काम द्यावे. पूर्ण रंगीत छायाचित्रांचा मोह इथे सोडावा लागतो. मोठी अक्षरे, एक चिन्ह आणि भरपूर मोकळी जागा असलेला फलक रस्त्यावरून लवकर वाचता येतो, हे कोणत्याही चौकात उभे राहून पडताळता येईल.

सर्वांत मोठी बचत मात्र मजकुराच्या मांडणीत आहे. दरवर्षी होणाऱ्या उत्सवाच्या फलकावर सन, तारीख आणि पाहुण्यांची नावे मुख्य कापडावर छापू नयेत. त्यांच्यासाठी खाली वेगळी पट्टी ठेवावी, ती नाड्यांनी बांधता येईल अशी शिवून घ्यावी आणि दरवर्षी फक्त तीच बदलावी. मंडळाचे नाव आणि उत्सवाचे नाव असलेला मुख्य फलक धुऊन, घडी करून पुढच्या वर्षी वापरता येतो. वरच्या आणि खालच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबूची दांडी घालावी, म्हणजे वाऱ्याने फलक गोळा होत नाही आणि कोपरे फाटत नाहीत. पहिल्या वर्षी कापडाचा खर्च फ्लेक्सपेक्षा जास्त येतो, ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत स्पष्ट सांगावी आणि हिशेब चार-पाच वर्षांचा मांडावा. फलक जीर्ण झाल्यावर त्याच्या पिशव्या शिवायच्या असतील, तर छापील मजकूर मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना कोरे कापड राहील असा आराखडा आधीच करावा.

कातरण आणि चिंध्या

छापखान्यातले पांढरे कातरण, छापील कातरण, क्राफ्ट व पुठ्ठा आणि लॅमिनेट केलेला कागद हे चार प्रकार कटिंग मशीनजवळच वेगळ्या पोत्यांत टाकावेत. पांढऱ्या कातरणाला रद्दीत सर्वाधिक भाव मिळतो, आणि लॅमिनेटचे चार तुकडे मिसळले की सगळ्या पोत्याचा भाव पडतो. दर महिन्याला प्रत्येक प्रकाराचे वजन वहीत लिहावे.

शाई आणि धुलाईच्या द्रवाने भिजलेल्या चिंध्या, शाईचे रिकामे डबे आणि वापरलेले द्रव गटारात किंवा घंटागाडीत जाता कामा नयेत. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत संस्थेकडेच सोपवावे लागतात आणि त्याबाबतची प्रक्रिया महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारता येते. वनस्पती तेलाच्या शाईकडे वळलेल्या छापखान्यांनी एक दक्षता विशेष घ्यावी. जवसासारख्या वाळणाऱ्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने पडून राहिल्या तर त्या स्वतःच्या उष्णतेने पेट घेऊ शकतात, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छताखाली हा धोका अधिक असतो. अशा चिंध्या घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, मशीन आणि कागदाच्या गठ्ठ्यांपासून दूर ठेवाव्यात आणि डबा भरण्याची वाट न पाहता ठरलेल्या वाराला तो रिकामा करावा.